आबांच्या दुर्बिणीतले चार बैल

हिंगोलीत दुर्बीण घेतं तरी कोण, असं मला लोक आजही विचारतात. घड्याळ समजू शकतं, चष्मा समजू शकतो. पण जुन्या, वापरलेल्या दुर्बिणी तपासून चांगली कोणती आणि फसवी कोणती हे सांगणारा माणूस आमच्या गावात होता, आणि तो मीच होतो, ही पुण्या-मुंबईकडच्या पाहुण्यांना थाप वाटते. मी त्यांना सांगतो, बाबांनो, दुर्बिणींवर माझं पोट कधीच भरलं नाही. पोट घड्याळांनी भरलं. दुर्बिणींनी मान दिला, आणि त्या मानानं मला एकदा असं तोंडघशी पाडलं की ज्याच्यामुळे पडलो त्या माणसाचं नाव निघालं तरी माझे हात आपोआप जुळतात. ती हकीकत सांगायचीच आहे. पण आधी थोडा धंदा समजून घ्या, नाहीतर माझी चूक कशात होती ते कळायचं नाही.

मी मुळात घडीसाज, म्हणजे घड्याळं दुरुस्त करणारा. आमच्या वस्तीतल्या पोरांनी शिकावं, नोकरीला लागावं असा तेव्हा सगळ्यांचाच आग्रह. मी दहावीला गणितात दोनदा आपटलो आणि वडिलांनी मला बाजारातल्या गफूरचाचांच्या दुकानात नेऊन बसवलं. चाचांनी पहिल्याच दिवशी हातात भिंग दिलं आणि म्हणाले, "बेटा, दाहिनी आँख घडी की, बाईं आँख गाहक की." म्हणजे भिंग उजव्या डोळ्याला लावायचं, काम उजव्यानं करायचं आणि डावा उघडा ठेवून गिऱ्हाइकाकडे लक्ष द्यायचं. पंचवीस वर्षं मी ते व्रत पाळलं. माझी जात कोणती, धर्म कोणता, हे त्या माणसानं मला एकदाही विचारलं नाही. जेवलास का, एवढं मात्र रोज विचारलं.

चाचांचे साडू हैदराबादला जुन्या सामानाच्या बाजारात बसायचे. नव्वदच्या सुरुवातीला ते छोट्या लाईनच्या गाडीनं पेटीभर जुन्या दुर्बिणी घेऊन आले. कुणा फौजीच्या, कुणा शिकारी जमीनदाराच्या, काही नुसत्याच जत्रेतल्या. चाचा तोवर थकले होते. मला म्हणाले, हे तू बघ. मी तीन मोडल्या, चौथी जुळवली, आणि मग गिऱ्हाईक आपसूक येत गेलं. शेतात रोही आणि रानडुकरं कुठून उतरतात ते लांबून बघणारे शेतकरी आले. पेन्शनीत निघालेले जवान आले, ते विकायला. दसऱ्याच्या प्रदर्शनाच्या दिवसांत तर गर्दीच्या मागे उभं राहून रामलीला बघायची म्हणून लोक दुर्बीण भाड्यानं मागायचे. भाड्यानं मी कधी दिली नाही.

आता तपासणीचं सांगतो. दुर्बीण आधी डोळ्याला लावायची नाही, कानाला लावायची. हळूच हलवल्यावर आत खुळखुळ वाजलं तर समजायचं की आतला लोलक, म्हणजे उजेड वळवणारी जाड काच, जागेवरून सुटलीय. मग हुंगायची. ओल्या पोत्याचा वास आला तर आत बुरशी. मग उलटी धरून मोठ्या काचेतून उजेडाकडे बघायचं. बुरशीचे बारीक तंतू तिथं दिसतात, आणि धोतरानं, पदरानं पुसून पुसून पाडलेले ओरखडेही दिसतात. मग हात लांब करून डोळ्याकडच्या काचांत बघायचं. तिथं उजेडाच्या दोन टिकल्या दिसतात. गोल गरगरीत असल्या तर माल चांगला, कडा कापलेल्या असल्या तर आत हलकी काच. चाक फिरवून बघायचं, बिजागरी उघडून बघायची. एवढं झालं की मोठी परीक्षा.

दुर्बीण म्हणजे दोन नळ्या, आणि दोन्ही नळ्यांनी एकाच ठिकाणी बघायला पाहिजे. एखादी हातातून पडली की एक नळी केसभर दुसरीकडे बघायला लागते. फरक थोडा असला तर आपले डोळे बिचारे ओढूनताणून दोन चित्रं एकावर एक बसवतात आणि संध्याकाळी कपाळ ठणकतं. फरक जास्त असला तर एकाची दोन दिसतात. चाचांनंतर माझ्या हाती आलेल्या दुकानातून लांबवर एक पाण्याची टाकी दिसायची. मी आधी एकेक नळी एकेकटी तपासायचो, तीही उजव्याच डोळ्यानं, कारण माझा कामाचा डोळा तोच. मग दोन्ही डोळे उघडे ठेवून टाकीचा कठडा बघायचो. कठडा एकच दिसला की पास. पास झालेल्या दुर्बिणीच्या पट्ट्याला मी निळा दोरा बांधायचो. पुढं पुढं लोक परभणी-वाशीमला घेतलेली दुर्बीणसुद्धा माझ्याकडे आणायचे आणि म्हणायचे, "मामा, दोरा बांधून देता का?"

गिऱ्हाइकं मात्र एकेक नग. कनेरगाव नाक्यावर एक ढाबेवाले होते. लांबून ट्रक येताना दिसला की चहाचं आधण ठेवायचं, एवढ्यासाठी त्यांनी दुर्बीण घेतलेली. एका जानेवारीत तणतणत आले. "मामा, सकाळी थंडीत हिला कायबी दिसंना, अन् ऊन चढलं की बराबर दिसतंय. ही काय भानामती हाये?" दोन दिवस मलाही काही उमगलं नाही. तिसऱ्या दिवशी खोलून बोट फिरवलं आणि वास घेतला, तर खोबरेल! चाक करकरतंय म्हणून गड्यानं डोक्याचं तेल ओतलं होतं. ते झिरपत काचेवर गेलं; थंडीत थिजून पांढरं व्हायचं आणि उन्हात वितळायचं. मी म्हणालो, "मालक, टाळूवर घालायचं ते चाकावर घातलंत." त्यानंतर मी कधीही नाक्यावर उतरलो तरी त्यांनी चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही.

दुसरे एक बँकेतले कॅशियर. गरीब माणूस, पाखरांचं वेड. सुट्टीच्या दिवशी शिरड शहापूरकडच्या एका तळ्यावर झुडपाआड बसून बदकं बघत होते, आणि पलीकडच्या काठावर बाया धुणं धूत होत्या. झालं! गावकऱ्यांनी त्यांना जीपमध्ये घालून थेट माझ्याच दुकानात आणलं, कारण दुर्बिणीला निळा दोरा होता. बरोबर धुणं धुणारी एक म्हातारीही आली होती. तिनं मला खडसावून विचारलं, "खरं सांग लेकरा, ह्याच्यातून कपड्याच्या आरपार दिसतं का?" मी दुर्बीण तिच्याच हातात दिली आणि समोरच्या तारेवर बसलेला व्हला, म्हणजे होला पक्षी, दाखवला. बाई बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "आगं माय, ह्याचा डोळा लाल हाये! साठ वर्सं झाली व्हले पाहून राहिले, आज कळलं." कॅशियरसाहेब सुटले. जाताना म्हातारी त्यांनाच म्हणाली, पुढच्या खेपेला इकडच्या काठावर बस, तिथून जास्त पाखरं दिसतेत.

असल्या गोष्टींनी माझी छाती फुगत गेली. खंदारेमामा चुकत नाही, असं लोक म्हणायचे. हळूहळू ते मलाही पटायला लागलं, आणि हाच माझा खरा आजार. डोळ्याचा नंतर कळला.

हिंगोली जिल्हा होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. नरसीच्या अलीकडच्या एका वाडीवरून सुनंदा नावाची बाई दुकानात आली. तिचे सासरे बापूराव, घरात सगळे त्यांना आबा म्हणायचे. तीन वर्षांपूर्वी कडब्याच्या गंजीवरून पडले आणि कंबरेखालचं अंग गेलं. तेव्हापासून ओसरीत खाटेवर. ओसरीसमोर ओढा आणि ओढ्यापलीकडच्या चढावर त्यांचं शेत. "शेत दिसतं, मामा, पण बारकं. कोण काय करून राहिलं ते कळत न्हाई. आबा दिवसभर तिकडंच पाहतेत. त्यान्ला दुर्बीण पाहिजे," ती म्हणाली. सासऱ्यासाठी दुर्बीण घ्यायला आलेली सून मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो. मी माझ्याकडची सगळ्यात चांगली काच काढली, कानाला लावली, हुंगली, टिकल्या बघितल्या, टाकी बघितली, दोरा बांधला आणि दिली. त्या दिवशी घरी जाताना मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं.

पंधरा दिवसांनी सुनंदा दुर्बीण घेऊन परत आली.

"मामा, आबाला चार बैल दिसून राहिलेत."

"चार कसे?"

"तेच न्हाई कळत. घरचे दोनच हायेत. आबा ओरडले, तुरीत कोनाचे तरी बैल घुसले, पळा! हे हातातलं काम टाकून ओढा उतरून गेले, तर आपलेच दोन. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. तिसऱ्या बारीला हे गेलेच न्हाईत." हे म्हणजे तिचा नवरा, दत्ता. "मंग आबानं सोताच तपास केला. डावा डोळा झाकला तर दोन बैल, उजवा झाकला तर दोन, दोन्ही उघडले की चार. आबा म्हनतेत, नळी वाकडी हाये, मामाला दाखव."

वाचकहो, याहून अचूक परीक्षा मलाही सांगता आली नसती. चौथीपर्यंत शिकलेल्या त्या माणसानं खाटेवर पडल्या पडल्या दुर्बिणीचा रोग ओळखला होता. आणि मी काय केलं? मला राग आला. निळ्या दोऱ्याची दुर्बीण वाकडी म्हणतो म्हणजे काय! मी ती घेतली, दोन्ही डोळे उघडे ठेवून टाकीकडे बघितलं. टाकी एक, कठडा एक. पुन्हा बघितलं, पुन्हा एकच.

"सुनंदाबाई, दुर्बीण बरोबर आहे," मी म्हणालो. "आबांचे डोळे आता जोडीनं चालत नसतील. वय झालं. डॉक्टरला दाखवा."

ती जागची हलली नाही. "मामा, एकदा अजून पाहता का? आबा खोटं बोलत न्हाईत."

"मग काय मी खोटं बोलतोय?" मी पट्ट्याचा दोरा तिच्यापुढं धरला. ती दुर्बीण पदराखाली घेऊन गेली. माझं ते वाक्य मला अजून टोचतं.

त्या घरात काय पणाला लागलंय याची मला कल्पना नव्हती. आबांचे पाय गेले तरी शेत त्यांच्याच तोंडावर चालायचं. पेरायचं कधी, पाणी कुठल्या तुकड्याला, तुरीची फवारणी केव्हा, हे ते खाटेवरून सांगायचे आणि दत्ता करायचा. दत्ता वाईट नव्हता, पण कामानं पिचलेला होता, आणि शेजारपाजारचे त्याच्या कानाशी लागलेले, म्हाताऱ्याचं किती दिवस ऐकशील म्हणून. आबाला दिसत नाही असं एकदा ठरलं की त्यांना विचारायचं काही कारणच उरणार नव्हतं. आणि ते ठरवायला माझा दोरा पुरेसा होता.

थंडीत हिंगोलीला एका शाळेत मोफत नेत्रतपासणीचं शिबिर भरलं. मी स्वतः वाडीवर निरोप धाडला, आबांना घेऊन या. दत्ता जीप करून आला. आबांना त्यानं पाठकुळी घेऊन आत नेलं, बाकावर बसवलं. मी आबांना पहिल्यांदा तिथंच बघितलं. उन्हानं रापलेला, हाडापेरानं मोठा माणूस, कंबरेखाली वाळलेला. मला राम राम घातला आणि म्हणाले, "तुमीच का मामा? बरं झालं आलात. सोताच्या कानानं ऐका." खरं तर मीही तेवढ्यासाठीच गेलो होतो. डॉक्टरनं यांच्या डोळ्यांत खोट काढावी आणि ती सगळ्यांसमक्ष काढावी, अशी माझी मनोमन इच्छा होती. लाज वाटते, पण खरं तेच लिहायचं ठरवलंय.

आबांनी तक्त्यावरच्या सगळ्या खुणा बोटांनी बरोबर दाखवल्या. एक डोळा झाकून, दुसरा झाकून, दोन्ही उघडे ठेवून. डॉक्टरीणबाईंनी पेन धरून विचारलं, किती? आबा म्हणाले, एक. बाई हसून म्हणाल्या, "बाबा, या वयात इतके चांगले डोळे मी रोज बघत नाही." माझं तोंड कडू झालं. तेवढ्यात शिबिरातली एक परिचारिका मला म्हणाली, "काका, आलाच आहात तर तुम्हीपण बसा. पैसे लागत नाहीत." बसलो. तिनं माझा डावा डोळा झाकला, मी भराभर सांगितलं. मग तिनं उजवा झाकला.

"ताई, तक्ता काढला का?" मी विचारलं.

मागं उभी असलेली माणसं हसली. त्यांना वाटलं मी गंमत करतोय. तक्ता जागच्या जागीच होता. मला समोर नुसतं मळकं धुकं दिसत होतं आणि त्यात त्या पोरीच्या हाताची सावली हलत होती.

डॉक्टरीणबाईंनी मला बाजूच्या खोलीत नेऊन नीट तपासलं. काचबिंदू. दुखत नाही, खुपत नाही, नजर कडेकडेनं खात जातो आणि दुसरा डोळा सांभाळून घेतो म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. घरात कोणी आंधळं होतं का, त्यांनी विचारलं. माझे वडील शेवटची सहा वर्षं चाचपडत होते. आम्ही म्हणायचो, म्हातारपण. बाई म्हणाल्या, डावा गेला, तो परत येणार नाही. उजव्यालाही सुरुवात झालीय. आज सापडला म्हणून रोज थेंब घालून तो डोळा टिकेल. आणखी वर्ष-दोन वर्षं असेच काढले असते तर सांगता आलं नसतं.

माझ्या लक्षात सगळं तिथंच आलं. चाचांनी गिऱ्हाइकासाठी उघडा ठेवायला सांगितलेला डावा डोळा नुसताच उघडा होता; गिऱ्हाईक मी सावलीवरून आणि आवाजावरून ओळखत होतो. एकेक नळी मी उजव्याच डोळ्यानं बघत होतो. आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून बघायचो तेव्हाही बघणारा एकच होता. एका डोळ्याच्या माणसाला वाकड्या दुर्बिणीतूनसुद्धा टाकी एकच दिसणार! माझी मोठी परीक्षा कित्येक महिने, कदाचित दोन वर्षं, नुसतं सोंग होती.

हे मी तेव्हाच बाहेर येऊन सांगायला हवं होतं. जीप दारात उभी होती, आबा आत बसलेले होते. मी खिशातली थेंबाची बाटली मुठीत धरून उभा राहिलो आणि म्हणालो, "या मग, जपून जा." दुकान बंद पडेल, दोरा कोण घेईल, लोक काणा मामा म्हणतील, हेच डोक्यात घुमत होतं. शोभाला, माझ्या बायकोलासुद्धा मी सांगितलं नाही. बाटली दुकानाच्या खणात, जुन्या घड्याळांच्या तबकड्यांखाली ठेवली.

तीन आठवड्यांनी सुनंदा आली. शोभा तेव्हा डबा घेऊन दुकानात आलेली होती. सुनंदानं दुर्बीण काउंटरवर ठेवली आणि म्हणाली, "ठेवून घ्या मामा. आबा नको म्हनतेत."

"का?"

"डॉक्टर म्हनली डोळे चांगले. तुमी म्हनले दुर्बीण चांगली. मंग खोट कुठं हाये? हे म्हनतेत, आबाच्या डोक्यात हाये. गावातबी तसंच बोलून राहिलेत. यांनी हरभऱ्याला पाणी दिलं तेबी इचारलं न्हाई, अन् आता शेत बटईनं दुसऱ्याला कसाया द्याचं चाललंय. आबा शेताकडं पाठ करून निजतेत. दोन दिस झाले, धड जेवले न्हाईत."

शोभानं तेवढ्यात, सहज चाळा म्हणून, दुर्बीण उचलली आणि बाहेर बघितलं.

"अहो," ती म्हणाली, "दुसरी टाकी कधी बांधली?"

मी खण उघडला, तबकड्या बाजूला केल्या आणि बाटली काउंटरवर ठेवली. मग दोघींना सगळं सांगितलं. शोभा आधी रडली, मग मला असं बोलली की ते इथं छापता येणार नाही, आणि मग डोळे पुसून म्हणाली, "उठा. आधी ही नीट करा." मोठ्या काचेभोवती एक कडी असते, ती जराशी फिरवली की नळी कुठं बघते ते सरकतं. मी कडी फिरवत होतो, शोभा टाकीकडे बघत होती. "अजून दोनच आहेत... जवळ आल्या... थांबा, वर-खाली झाल्या... आता... आता बसली एकावर एक." सुनंदानंही बघितलं आणि मान डोलावली. इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा कुणाच्या तरी डोळ्यावर विसंबून काम करावं लागलं, आणि खरं सांगतो, काम झकास झालं.

पुढची गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण शेवट मला आबांच्या ओसरीतच करायचाय. गेल्या दोन वर्षांत दोरा बांधलेल्या सगळ्या दुर्बिणी मी निरोप धाडून परत मागवल्या. काही वाकड्या निघाल्या, नीट करून दिल्या. एकानंही शिवी दिली नाही. ढाबेवाल्यांनी तर उलट मलाच डोळ्याची काळजी घ्यायला सांगितलं. तेव्हापासून शेवटची परीक्षा शोभा घ्यायची आणि दोराही तीच बांधायची. दुकान बंद करेपर्यंत एकही दुर्बीण परत आली नाही. उजवा डोळा अजून शाबूत आहे. हा मजकूर मी त्यानंच बघून लिहितोय. चाचांचा, त्या परिचारिकेचा, डॉक्टरीणबाईंचा, शोभाचा, सगळ्यांचा मी ऋणी आहे. पण सगळ्यांत आधी आबांचा.

दुर्बीण नीट केली त्याच्या दुसऱ्या दिवशी ती घेऊन सकाळच्या एसटीनं मी वाडीवर गेलो. आबा भिंतीकडे तोंड करून निजले होते. सुनंदानं त्यांना हाक मारून वळवलं, पाठीशी उशी दिली. मी खाटेजवळ खाली बसलो आणि हलक्या आवाजात सांगितलं, आबा, तुमचं बरोबर होतं. नळी वाकडी होती. माझा डावा डोळा मेलेला होता म्हणून मला ती दिसली नाही.

आबा माझ्या डोळ्याकडे बघत राहिले. "तुमाला कधी कळलं हे?"

"शिबिरातच."

"म्हंजी तीन आठवडे झाले."

"हो."

"तीन आठवडे मी येडा व्हतो," आबा म्हणाले.

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, दोन्ही डोळ्यांतून. मेलेला डोळाही रडतो, हे मला त्या दिवशी कळलं. मी त्यांचे पाय धरले. त्या पायांना ते कळत नव्हतं, पण त्यांना दिसत होतं. मी म्हणालो, "आबा, तुमच्या चार बैलांनी माझा उजवा डोळा वाचवला. तुम्ही म्हणाल ते करतो. दुसरी दुर्बीण आणून देऊ का?"

"दुर्बीण नको," आबा म्हणाले. मग मानेनं घराच्या दाराकडे खूण केली. "हे सगळं मोठ्यानं म्हना. दत्ता आत हाये."

मी उठून उभा राहिलो. समोरच्या ओट्यावर दोघं-तिघं बसले होते, विहिरीकडे बाया होत्या. माझं अर्धं गिऱ्हाईक असल्याच वाड्यांवरचं. मी घसा साफ केला आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं बोललो, "आबांना बरोबर दिसत होतं! डोकंही बरोबर, डोळेही बरोबर! खोट दुर्बिणीत होती, आणि ती न दिसणारा आंधळा मी होतो! हिंगोलीचा खंदारे घडीसाज!"

विहिरीवरचा रहाट थांबला. थोड्या वेळानं दत्ता दारात आला. खांद्यावरचा टॉवेल त्यानं हातात घेतला, पुन्हा खांद्यावर टाकला. माझ्याकडे बघितलं नाही. खाटेशी येऊन उभा राहिला आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "आबा, हरभऱ्याला दुसरं पाणी सोडाचं हाये. वरच्या तुकड्याला आधी देऊ का खालच्या?"

आबांनी माझ्यापुढं हात केला, दुर्बीण घेतली, डोळ्यांना लावली, चाक फिरवलं, आणि आम्हा सगळ्यांना तसंच उभं ठेवून निवांत बघत राहिले.